पन्नाशीनंतर द्राक्षबाग उभी करणारा झां लुई विन्य

कॅलिफोर्नियाची वाइन आज जगभर जाते. तिथं या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत एक फ्रेंच माणूस होता. त्यानं तिथं बाग लावली तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती. त्याचं नाव झां लुई विन्य.

त्याचा जन्म १७८० चा, बोर्डोजवळच्या काडियाक परिसरातला. हा मुलूख द्राक्षांचा. लाकडी पिंपं बनवणं आणि दारू गाळणं हा त्याचा व्यवसाय होता. १८२६ साली बायकामुलं मागं ठेवून त्यानं देश सोडला. हवाई बेटांवर ऊस आणि दारूभट्टी करून पाहिली, पण जम बसेना. शेवटी १८३१ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. तेव्हा तो भाग मेक्सिकोकडे होता आणि गाव अगदी लहान.

नदीकाठी त्यानं सुमारे १०० एकर जमीन घेतली. पाणी गावाच्या सामाईक पाटाचं. पाद्री मंडळींनी आणलेली मिशन जातीची द्राक्षं तिथं आधीपासून होती. वेल काटक, उत्पन्न चांगलं. पण आम्लता कमी असल्यानं वाइन मिळमिळीत होई. म्हणून १८३३ च्या सुमारास त्यानं फ्रान्समधून बोर्डोकडच्या जातींच्या काड्या मागवल्या. पनामा कालवा तेव्हा नव्हता. बोस्टनला उतरवून, दक्षिण अमेरिकेला वळसा घालून काडी आणायची आणि ती जिवंत ठेवायची, हे काही सोपं काम नव्हतं!

आता त्याची खरी हुशारी बघा. गावात गिऱ्हाईक किती असणार? पिंपांचा कारागीर असल्यानं त्यानं वाइन साठवली, मुरू दिली आणि १८४० मध्ये भाच्याच्या मदतीनं जहाजातून सांता बार्बरा, मॉन्टेरे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरांत पाठवली. पुढं १८४८ मध्ये सोनं सापडलं, उत्तरेकडं माणसांचा लोंढा आला आणि मागणी वाढली. माल आणि वाट दोन्ही त्याच्याकडं तयार होत्या. १८५१ च्या सुमारास त्याच्या बागेत ४०,००० वेल होते. नुसत्या द्राक्षांवर न राहता त्यानं संत्र्यांची झाडंही लावली होती.

१८५५ मध्ये त्यानं सारी मालमत्ता ४२,००० डॉलरला भाच्यांना विकली. भाच्यांनी १८५७ मध्ये फेसाळ शॅम्पेन काढली, पण त्यात मोठा तोटा सोसला. विन्य १८६२ मध्ये वारला. लॉस एंजेलिसमधल्या एका रस्त्याला आजही त्याचं नाव आहे.

बागायतदार मित्रांनो, यातून घ्यायचं ते एवढंच. जमिनीला मानवेल आणि बाजारात चालेल अशी जात निवडा. माल टिकवायची सोय आधी करा. गिऱ्हाईक गावाबाहेरही शोधा. आणि सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, सामाईक पाट वाहता राहिला म्हणूनच ती बाग उभी राहिली, हेही ध्यानात असू द्या.