विश्लेषण : कॉक्लिअर इम्प्लांटनंतर ‘मॅपिंग’ का करावे लागते? बेकेशी यांनी कानाचा नकाशा कसा काढला?

कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली, की सगळे झाले असे अनेक कुटुंबांना वाटते. प्रत्यक्षात त्यानंतर ‘मॅपिंग’साठी पुन्हा पुन्हा यावे लागते. हे मॅपिंग ज्या नकाशावर उभे आहे, तो काढणारे ग्यॉर्ग फॉन बेकेशी कानाचे डॉक्टर नव्हते.

कोण होते बेकेशी?

३ जून १८९९ रोजी बुडापेस्टमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील राजनैतिक अधिकारी असल्याने बालपण वेगवेगळ्या देशांत गेले. बर्नमध्ये रसायनशास्त्र शिकून त्यांनी १९२३ मध्ये बुडापेस्ट विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरी धरली. टेलिफोन सुधारायचा, तर आधी कान कसा ऐकतो हे कळायला हवे, असा प्रश्न तिथे त्यांच्यासमोर आला.

त्यांनी काय शोधले?

अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते. हाच कॉक्लिआ. त्यात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीची लवचीक पट्टी असते. बेकेशी यांनी आधी रबराच्या पडद्याची प्रतिकृती बनवली. मग मृतदेहांतील कानाचे हाड कोरून, चांदीचे बारीक कण टाकून, लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ही पट्टी पाहिली. आवाज येताच तिच्यावरून लाट धावत होती. उंच पट्टीच्या आवाजाची लाट सुरुवातीलाच शिगेला पोहोचे; खालच्या पट्टीच्या आवाजाची लाट थेट टोकाकडे जाई. म्हणजे प्रत्येक स्वराची कानात ठरलेली जागा होती. पुढे उंदरापासून हत्तीपर्यंतचे कानही त्यांनी तपासले.

१९४६ मध्ये ते स्वीडनला आणि वर्षभराने हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले. ते मृतांच्या कानात पाहत होते. जिवंत कान त्याहून कितीतरी बारकाईने स्वर वेगळे करतो, हे नंतर सिद्ध झाले. स्वरांच्या जागांचा क्रम मात्र तोच राहिला.

इम्प्लांटशी संबंध काय?

सुरुवातीच्या एकाच वाहिनीच्या यंत्रांतून आवाज जाणवे, पण बोलणे समजणे कठीण जाई. १९७८ मध्ये मेलबर्न येथे ग्रॅहम क्लार्क यांच्या चमूने अनेक वाहिन्यांचे इम्प्लांट बसवले. त्यात कॉक्लिआमध्ये इलेक्ट्रोडची रांग सरकवली जाते. सुरुवातीचे इलेक्ट्रोड उंच पट्टीसाठी, आतले खालच्या पट्टीसाठी. हा क्रम बेकेशी यांच्या नकाशाचाच.

मॅपिंग टाळले तर?

प्रत्येकाची श्रवणचेता वेगळा प्रतिसाद देते. म्हणून ऑडिऑलॉजिस्ट प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी कमीत कमी ऐकू येणारी आणि त्रास न होणारी कमाल पातळी ठरवतो. पहिल्या काही महिन्यांत ती बदलत राहते. प्रवाह कमी पडला तर शब्द निसटतात. जास्त झाला तर मूल यंत्र काढून टाकते. त्यामुळे मॅपिंग आणि वाचा-श्रवण प्रशिक्षण हे उपचाराचेच भाग आहेत.

अमेरिकेतील वैद्यकीय बिलांच्या संकेतांकांतही हे दिसते. शस्त्रक्रियेचा संकेतांक ६९९३०. मॅपिंगसाठी मात्र ९२६०१ ते ९२६०४ असे चार वेगळे संकेतांक आहेत. रुग्ण सात वर्षांखालील आहे की मोठा, मॅपिंग पहिले आहे की नंतरचे, यावर संकेतांक ठरतो.

बेकेशी यांचा शेवट कुठे झाला?

१९६५ मध्ये हार्वर्डमधील प्रयोगशाळेला आग लागल्यानंतर ते हवाई विद्यापीठात गेले. १३ जून १९७२ रोजी होनोलुलूत त्यांचे निधन झाले. जमवलेल्या कलावस्तू त्यांनी नोबेल प्रतिष्ठानला दिल्या. मेलबर्नची शस्त्रक्रिया त्यानंतर सहा वर्षांनी झाली.