न्यायमूर्ती रानडे आणि शेतकऱ्याचा कर्जरोखा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म दि. १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्याने बालपण कोल्हापुरास गेले. पुढील शिक्षण मुंबईस झाले. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले, त्यांत ते होते. १८६६ साली ते एल्‌एल. बी. झाले.

त्यानंतर अक्कलकोटास कारभारी, कोल्हापुरास न्यायाधीश, पुन्हा मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी व इतिहासाचे अध्यापक, अशी कामे त्यांनी थोड्याच वर्षांत केली. १८७१ साली ते ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. हायकोर्टात वकिली केली असती तर घरात पैशाला तोटा नव्हता. त्यांचे स्नेही काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी पुढे वकिलीतच नाव कमावले. रानड्यांनी मात्र त्याच वर्षी पुण्यास सबजज्जाची जागा पत्करली.

पुण्यात सार्वजनिक सभेच्या कामात ते पडले. शेतकऱ्यांची स्थिती आणि १८७६-७७ चा दुष्काळ याविषयी सभेने सरकारकडे जे लिहिले, त्यामागे त्यांचे मोठे श्रम होते. सरकारी नोकराने असे काम करावे हे वरिष्ठांना कसे रुचणार? त्यांची बदली नाशिकास व पुढे १८७९ साली धुळ्यास झाली. ते वर्ष वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे होते आणि सरकारला पुण्याच्या सुशिक्षितांचा संशय येत होता.

आता मुख्य गोष्ट. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व वह्या जाळल्या. हे लोण इतर गावांतही गेले. कारण उघड होते. व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहिला जाई, शेतकरी अंगठा उठवी, आणि कोर्टापुढे रोखा आला की हुकूमनामा सावकाराचा! चौकशीअंती १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले. रोखा काहीही म्हणो, व्यवहाराच्या अगदी आरंभापासून हिशेब तपासण्याचे काम न्यायाधीशावर आले. आम्हा कारकुनांना कागद हाच शेवटचा शब्द मानण्याची सवय असते, म्हणून या कलमाचे मोल मला विशेष वाटते.

पण कायदा पुस्तकात राहिला तर उपयोग काय? खालची कोर्टे तो कसा चालवतात हे पाहण्याचे काम १८८१ पासून रानड्यांकडे आले, आणि १८८७ साली ते या कायद्याखालील स्पेशल जज्ज झाले. दृष्टी अधू असतानाही त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कोर्टांची दप्तरे तपासली. सौ. रमाबाई अनेकदा बरोबर असत. त्या फिरतीच्या हकिकती त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवल्या आहेत.

सावकाराला मात्र त्यांनी शत्रू मानले नाही. एक दार बंद करून दुसरे उघडले नाही तर पेरणीला बी कोठून आणायचे, हा प्रश्न त्यांना दिसत होता. शेतकऱ्याला माफक व्याजाने कर्ज देणारी पेढी हवी, असे त्यांचे मत होते, व १८९१ साली त्यांनी शेतीच्या पतपुरवठ्यावर निबंधही लिहिला. पुरंदर तालुक्यात अशी पेढी काढण्याची योजना वेडरबर्न साहेबांनी आधीच मांडली होती, पण विलायतेहून मंजुरी आली नाही.

रानडे प्रार्थना समाजाचे, मूर्तिपूजा न मानणारे. तरीही आमच्या जीर्णोद्धार समितीतील वडीलधाऱ्यांनी हे चरित्र या स्मरणिकेत आनंदाने घेतले. समाजातील आपल्या प्रवचनांत ते तुकोबांचे अभंग घेत, हे येथे सांगितले पाहिजे.

१८९३ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती तेलंग अकाली वारले. त्यांच्या रिकाम्या जागी रानड्यांची नेमणूक झाली. दि. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस देहावसान होईपर्यंत ते त्या जागेवर होते.