चेहऱ्यापलीकडचा आवाज : निको आणि ‘द मार्बल इंडेक्स’

‘गॉथिक रॉक’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी, सप्टेंबर १९६८ मध्ये, लॉस एंजेलिसमधील एका स्टुडिओत त्या संगीताची पायाभरणी झाली. तिशीला टेकलेली एक जर्मन स्त्री पायपेटी घेऊन गात होती. तिला जग निको या नावाने ओळखत होते. पण ओळखत होते ते तिच्या चेहऱ्यासाठी. त्या ओळखीतून सुटण्याची तिची धडपड म्हणजे ‘द मार्बल इंडेक्स’ हा अल्बम.

क्रिस्टा पेफगेन हे तिचे मूळ नाव. जन्म १६ ऑक्टोबर १९३८ रोजी कलोन येथे झाला. वडील युद्धकाळात दगावले. आईने तिला बर्लिनच्या आग्नेयेस असलेल्या ल्युबेनाऊ या लहानशा गावी नेले आणि युद्धानंतर मायलेकी उद्ध्वस्त बर्लिनमध्ये परतल्या. किशोरवयातच ती मॉडेलिंग करू लागली. ‘निको’ हे नावही तिचे स्वतःचे नव्हे. एका छायाचित्रकाराने आपल्या मित्राचे नाव तिला दिले. १९६० मध्ये फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’मध्ये ती झळकली. पुढे न्यूयॉर्कमध्ये अँडी वॉरहॉलने तिला ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडसोबत उभे केले. १९६७ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर तिचे नाव आले खरे, पण तिच्या वाट्याला मोजकीच गाणी आली आणि तीही दुसऱ्यांनी लिहिलेली. त्याच वर्षी निघालेल्या ‘चेल्सी गर्ल’ या तिच्या पहिल्या एकल अल्बमवर तिला न विचारता बासरी आणि तंतुवाद्ये चढवण्यात आली. ते तिला अखेरपर्यंत सलत राहिले.

यानंतर तिने दोन निर्णय घेतले. गाणी स्वतः लिहायची आणि साथीला स्वतःच पेटी वाजवायची. सोनेरी केस तिने गडद रंगवले; ज्या रूपावर तिची कीर्ती उभी होती, तेच तिने झाकोळून टाकले. पेटीचे कोणतेही रीतसर शिक्षण तिने घेतलेले नव्हते. एकच सूर दीर्घकाळ धरून ठेवायचा आणि त्यावर आपला खर्जातला, जवळजवळ निर्विकार आवाज सोडायचा, अशी तिची रीत होती.

संगीत-संयोजक जॉन केल याच्यापुढे त्यामुळे मोठा पेच उभा राहिला. तिच्या पेटीचे स्वर इतर वाद्यांशी जुळेनात. पेटीच्या या हेकेखोरपणाची मराठी रसिकाला पुरेपूर कल्पना आहे. श्रुतींना न्याय देत नाही म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला दूर ठेवले होते. केलने पेटीला शिस्त लावण्याऐवजी तिच्याभोवतीच ध्वनीचे अवकाश उभे केले. व्हायोला, घंटानाद, पियानोचे तुटक आघात या साऱ्यांचा तिथे वावर आहे, पण रॉकचा ठेका जवळजवळ कुठेच नाही. निर्माता फ्रेझियर मोहॉक याने रेकॉर्डवर जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत ठेवले. त्यात लहानग्या मुलासाठी रचलेले एक अंगाईसदृश गीत आहे. पण त्यातही ऊब कमी आणि दूरत्व अधिक.

‘इलेक्ट्रा’ कंपनीने काढलेला हा अल्बम फारसा विकला गेला नाही. पुढचे अल्बम तिला दुसऱ्या कंपन्यांकडे करावे लागले. ‘डेझर्टशोर’ (१९७०) आणि ‘दि एंड’ (१९७४) यांमध्येही केलची साथ कायम राहिली. मात्र हेरॉइनच्या व्यसनाने तिचे आयुष्य पोखरले. त्या व्यसनाची झळ तिच्या मुलालाही बसली. तिच्या वंशद्वेषी वर्तनाविषयी निकटवर्तीयांनी सांगितलेल्या हकिकतीही दृष्टीआड करता येत नाहीत. तिच्या कलेचा गौरव करताना तिला निष्पाप ठरवण्याची गरज नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील तरुण पिढीने ‘द मार्बल इंडेक्स’ नव्याने ऐकला. ‘सूझी अँड द बॅनशीज’ने तिला आपल्या दौऱ्यात बोलावले; काही ठिकाणी प्रेक्षकांनी तिची हेटाळणी केली, तरी मंचावरच्या तरुण कलावंतांना तिचे मोल उमगले होते. ऐंशीच्या दशकात ती मँचेस्टरमध्ये राहू लागली. ‘बाउहाउस’ बँडसोबत ती गायली आणि त्या बँडचा गायक पीटर मर्फी याने तिच्या या उपेक्षित अल्बमला पहिल्या गॉथिक अल्बमचा मान दिला.

१८ जुलै १९८८ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, स्पेनमधील इबिझा बेटावर सायकलवरून जाताना ती कोसळली आणि मेंदूतील रक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड वनातील दफनभूमीत आईशेजारी तिला चिरविश्रांती मिळाली.

तिचे छायाचित्र आजही तिच्या गाण्यांपेक्षा अधिक लोकांना ठाऊक आहे. दिवे मंद करून हा अर्धा तास सलग ऐकावा. सुरुवातीला गारठा जाणवेल. थोड्या वेळाने मात्र त्या गारठ्यात, आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या अटींवर गाणारी एक स्त्री ऐकू येऊ लागते.