श्रीगोरोबाकाका आणि कुंभाराचे हात

तेरणेच्या काठचे तेर म्हणजे पुरातन तगर नगर. तेथे १३ व्या शतकात श्रीगोरोबांचा संसार होता. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सर्वांचे काका. चिखल तुडविताना नामस्मरणात भान हरपले व तान्हे मूल पायाखाली गेले, ही कथा ज्ञातिबांधवांस नव्याने सांगावयास नको. पुढे शपथभंग झाला म्हणून काकांनी आपले हात तोडले, असे परंपरा सांगते.

आम्हांस त्यापुढील प्रसंग अधिक विचारार्ह वाटतो. हात गेले, चाक थांबले, घरात अन्नाची विवंचना उभी राहिली. तेव्हा पांडुरंग विठू कुंभार होऊन काकांच्या घरी राबला. मडकी घडली, चूल पेटली. पंढरीस नामदेवांच्या कीर्तनात काकांस हात परत लाभले, ते मागाहून.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने दोन्ही हात गमावणे हे १०० टक्के अपंगत्व धरले. परंतु भरपाई देणारा मालक, आणि स्वतःच्या चाकावर बसणाऱ्या कुंभारास मालक कोठचा? त्यास २०१५ पासून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या व्यक्तीस वर्षाकाठी २० रुपयांत तिचा लाभ घेता येतो. अपघाताने दोन्ही हात गेल्यास २ लाख, एक गेल्यास १ लाख रुपये मिळतात. आजाराने आलेले पंगुत्व मात्र तीत बसत नाही, ही उणीव आम्हांस खटकते.

चैत्र वद्य त्रयोदशीस समाधीच्या दर्शनास तेरला येणाऱ्यांनी घरी परतताच पासबुक पाहावे. विम्याचा हप्ता मेअखेरीस खात्यातून वळता होतो.