संत जेरोम आणि त्यांचा सिंह

आजचं वाचन: याकोब 1:19-20

आज 30 सप्टेंबर, संत जेरोम यांचा सण. चित्रांत ते लगेच ओळखू येतात: पुस्तकं, लेखणी आणि पायाशी सिंह. आख्यायिका अशी, की बेथलेहेमच्या मठात एक लंगडा सिंह शिरला. बाकीचे पळाले. जेरोम यांनी त्याच्या पंजातला काटा काढला आणि सिंह तिथेच राहिला.

गंमत म्हणजे ही गोष्ट मुळात यार्देनकाठच्या संत गेरासिमस यांची. नावं सारखी, म्हणून बहुधा ती जेरोम यांना चिकटली. हे कळल्यावर मी हिरमुसलो. मग त्यांचं चरित्र वाचलं आणि वाटलं, सिंह होताच की! तो त्यांच्या स्वभावात होता.

जेरोम चौथ्या शतकात स्ट्रिडोन गावी जन्मले. शिकायला रोमला गेले, तिथेच बाप्तिस्मा घेतला. पुढे सीरियाच्या वाळवंटात एकांतात राहिले. उपास करूनही मन थाऱ्यावर येईना, म्हणून एका ख्रिस्ती झालेल्या यहुदी माणसाकडे हिब्रू शिकू लागले. भाषा अवघड. कितीदा सोडली, पुन्हा धरली.

382 मध्ये ते रोमला परतले. पोप दमासस यांनी त्यांना लॅटिन शुभवर्तमानं सुधारायला सांगितली. काम उत्तम, पण लेखणी तिखट. रोममधल्या धर्मगुरूंच्या ऐषारामावर त्यांनी असे कोरडे ओढले की बरेच शत्रू झाले. पोप वारल्यावर 385 मध्ये त्यांना शहर सोडावं लागलं.

मग बेथलेहेम. पौला या श्रीमंत रोमन विधवेने आपली संपत्ती खर्चून तिथे मठ उभारले. तिथेच जेरोम यांनी हिब्रूवरून जुना करार लॅटिनमध्ये आणला. लोक खूश झाले? छे! योनाच्या गोष्टीतल्या भोपळ्याच्या वेलाच्या जागी त्यांनी आयव्हीची वेल लिहिली, तर उत्तर आफ्रिकेतल्या ओएआ शहरात चर्चमध्येच गोंधळ उडाला. संत ऑगस्टीन यांनी पत्राने ते कळवलं. जेरोम यांचं उत्तरही टोचणारंच होतं.

सगळ्यात वाईट वाटतं ते रुफिनस यांच्याबद्दल. तरुणपणीचा जिवलग मित्र. ओरिगेनच्या शिकवणीवरून दोघांचं बिनसलं आणि मित्र वारल्यावरही जेरोम यांची लेखणी शांत झाली नाही. 420 मध्ये जेरोम गेले. त्यांचं भाषांतर हजार वर्षांहून जास्त काळ पश्चिमेकडच्या चर्चचं बायबल राहिलं. ती मैत्री मात्र तुटली ती तुटलीच.

इथे मी अडकलो. मी रोज इतरांचा कोड तपासतो. मागे एका ज्युनियरच्या कोडवर मी एक कमेंट टाकली. टेक्निकली शंभर टक्के बरोबर. त्यानंतर आठवडाभर त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, शिकला वाटतं. तो घाबरला होता.

याकोब आज हेच सांगतो: माणसाच्या रागातून देवाचं नीतिमत्त्व उगवत नाही. मुद्दा बरोबर असला तरी नाही.

ड्यूररने 1514 मध्ये कोरलेलं एक चित्र आहे. जेरोम मागे लिहीत बसलेत, छताला भोपळा टांगलाय आणि पुढे सिंह पेंगतोय, शेजारी छोटा कुत्रा गाढ झोपलाय. त्या सिंहाला कुणी हाकललेलं नाही. पण कुत्र्याला त्याची भीतीही वाटत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्याला असं निवांत वाटतं का?

आज त्या मुलाला फोन करून सॉरी म्हणणार आहे. तुमच्याही मनात कुणाचं तरी नाव आलं असेल. उद्यावर टाकू नका.

प्रार्थना: प्रभू येशू, मला दिलेली बुद्धी तुझ्या कामी येऊ दे. माझ्या शब्दांतला काटा तूच काढ. आमेन.