स्वतःलाही माफ करायला शिकू या

परवा एक बाई माझ्याकडे येऊन खूप रडली. नवरा सोडून गेला याचं दुःख होतंच, पण ‘माझंच काहीतरी चुकलं असणार’ हा घोर त्याहून मोठा. तिला मी लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगितली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की घरात लेकरांनाही धाक. अकराव्या वर्षी लग्न झालं ते कवी नारायण वामन टिळकांशी. माणूस प्रेमळ, पण तापट आणि लहरी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकोला त्यांनीच लिहा-वाचायला शिकवलं, आणि अधूनमधून तिला सोडून निघूनही गेले.

१८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. दुःखाने जीव वेडापिसा झाला, पण हळूहळू त्या सावरल्या.

चार-पाच वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, त्याही स्वतःच्या अटींवर. आपलं सोवळं, स्वयंपाकपाणी वेगळं ठेवलं. मग जातीपातीचा विचार स्वतःच करकरून ते ओझं उतरवलं आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. राग गिळून नाही, समजून-उमजून त्यांनी नवऱ्याला माफ केलं.

१९१९मध्ये टिळक गेले. पुढे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४पासून ती चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यात नवऱ्याचे दोष झाकलेले नाहीत, पण कुठे कडवटपणाही नाही. स्वतःच्या वेडेपणावर तर त्या मनापासून हसतात. मला वाटतं, त्यांची जखम भरली ती इथेच. आपल्या भाबड्या, घाबरलेल्या रूपाकडे त्यांनी मायेने पाहिलं.

मात्र एक सांगते. माफ करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे, परत जाणंही नव्हे. परतायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण शेजारणीच्या लेकीला आपण जसं जवळ घेतो, तसं कधीतरी स्वतःलाही घ्यावं.

ती बाई जाताना ‘स्मृतिचित्रे’ मागून घेऊन गेली. पुस्तक परत यायची मला मुळीच घाई नाही.