चिमणरावांचे जनक, आपले बडोदेकर चिं. वि. जोशी

चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची ओळख कुणाला पुस्तकातून झाली, कुणाला चित्रपटातून, तर कुणाला दूरदर्शनच्या मालिकेतून. पण या जोडीचे जनक आपल्या बडोद्यात राहून लिहीत होते, हे नव्या पिढीला आता मुद्दाम सांगावे लागते. म्हणून हा परिचय.

चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. फर्ग्युसन कॉलेजात त्यांना पाली भाषेची गोडी लागली. तिथे त्यांना धर्मानंद कोसंबी हे गुरू लाभले. कोसंबी मूळचे गोव्याचे, आणि त्यांच्या बौद्ध विद्येच्या कार्याला सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपये देऊन आधार दिला होता. म्हणजे शिष्य बडोद्याला येण्यापूर्वीच गुरूचे या संस्थानाशी नाते जुळलेले होते.

काही काळ शाळेत शिकवल्यावर १९२०च्या सुमारास चिं. वि. बडोद्याला आले. बडोदा कॉलेजात ते पाली शिकवीत. पुढे संस्थानच्या दफ्तरखात्याचे कामही त्यांनी सांभाळले. जातककथा मराठीत आणणे, गौतम बुद्धांचे चरित्र लिहिणे, हे काम त्यांनी आयुष्यभर निष्ठेने केले.

असा हा गंभीर व्यासंगी माणूस आणि त्याच्या लेखणीतून उतरले काय, तर ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२) आणि ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ (१९३३)! चिमणराव म्हणजे पुण्यातला किरकोळ अंगाचा, भित्रा, पण स्वतःला शहाणा समजणारा कारकून. गुंड्याभाऊ त्याच्या अगदी उलट, धिप्पाड आणि धडाकेबाज. सोबतीला बायको काऊ आणि पोराबाळांनी भरलेले घर. स्वतःची फजिती चिमणराव स्वतःच सांगतो, आणि ती आपली फजिती आहे हे त्याच्या नीट लक्षात येत नाही. सारी गंमत तिथेच आहे.

मध्यमवर्गाचा भित्रेपणा, मोठेपणाची हौस, लग्नकार्यातली धावपळ हे सगळे त्यांनी टिपले. हसले ते आपल्याच माणसांना, पण कुणाला दुखवावे म्हणून नव्हे. पुण्यातल्या बिऱ्हाडाचे हे चित्र गुजराती वस्तीच्या शहरात राहून त्यांनी इतके जिवंत ठेवले, याचे आम्हां बडोदेकरांना विशेष कौतुक वाटते.

मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) हे चित्रपट त्यांच्या कथांवरून काढले. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांची जोडी त्यांतून गाजली. १९६३ साली चिं. वि. गेले. पुढे सत्तरीच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंना पुन्हा घराघरांत नेले.

आमची खरी काळजी वेगळीच आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. चिं. विं.चा विनोद शब्दांच्या फिरकीत आणि चिमणरावाच्या सांगण्याच्या तऱ्हेत आहे, भाषांतरात तो पुरता उतरत नाही. वाचणारे राहिले नाहीत, तर आपल्याच गावात लिहिलेले हे धन कपाटात पडून राहील. यावर एक सोपा उपाय आम्हाला सुचतो. या सुट्टीत रात्रीच्या जेवणानंतर चिमणरावाची एक गोष्ट घरात मोठ्याने वाचावी. आजीने सुरुवात करावी आणि शेवटचे पान नातवंडांकडे द्यावे. पुढे काय झाले हे कळण्यासाठी ती अडखळत का होईना, वाचतीलच.